घरखर्चाची तूर-हरभरा : भुंगा आणि ती गोळी

तूर विकून झाली, घरापुरतं एखादं पोतं ठेवलं असेल. पावसाळ्यात त्यात भुंगा झाला की आपण कोठीला दोष देतो. पण भुंगा शेतात शेंगेवरच अंडी घालतो, तो मालाबरोबरच घरी येतो. दाण्यावर बारीक पांढरे ठिपके दिसले तर समजा.

भरण्याआधी २-३ दिवस कडक ऊन द्या. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. गरम माल लगेच भरू नका, कोठीला आतून घाम येतो. गार झाल्यावर हवाबंद कोठीत काठोकाठ भरा. रिकामी जागा म्हणजे भुंग्याला हवा. रोजचं वेगळ्या डब्यात काढा, कोठी सारखी उघडू नका. थोडाच माल असेल तर किलोला १ छोटा चमचा (५ मिली) खायचं तेल चोळा.

धान्यातली विषारी गोळी मात्र राहत्या घरात नकोच. तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो, त्याच्यावर उतारा नाही. "शेजाऱ्यानं टाकली, काही झालं नाही" हे ऐकू नका. आधीच टाकली असेल तर घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा, आत झोपू नका. मळमळ, छातीत दडपण वाटलं तर लगेच दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना गोळीचं सांगा.