शिसे काढले तर ठिणगी पडेल का?

गॅसचा टक्-टक् करणारा लायटर दाबला की ठिणगी पडते. आत बॅटरी नसते. एक छोटा हातोडा सिरॅमिकच्या कांडीवर आदळतो आणि त्या धक्क्याने हजारो व्होल्ट तयार होतात. हा दाबविद्युत गुण पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये स्फटिकांत दाखवला. सोनोग्राफीतही तोच कामी येतो.

ही कांडी बहुधा पीझेडटीची, म्हणजे शिसे, झिर्कोनियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाची असते. वजनात ६० टक्क्यांहून जास्त शिसेच! लायटर बिघडला की जातो कचऱ्यात. शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक, मग ते काढून का टाकत नाहीत?

उत्तर स्फटिकरचनेत आहे. एक ठोकळा डोळ्यांपुढे आणा. कोपऱ्यांवर शिसे, प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर ऑक्सिजन, पोटात टायटॅनियम किंवा झिर्कोनियम. सगळे अगदी समतोल बसले तर कितीही दाबा, वीज नाही. मधला अणू जरा सरकला की एक बाजू धन, दुसरी ऋण. टायटॅनियम जास्त असेल तर कल सहा पृष्ठांपैकी एकाकडे, झिर्कोनियम जास्त असेल तर आठ कोपऱ्यांपैकी एकाकडे. झिर्कोनियम ५२ आणि टायटॅनियम ४८ अशा प्रमाणाजवळ दोन्ही रचनांची सीमा येते. तिथे चौदा दिशा खुल्या, त्यामुळे थोड्या दाबानेही कल वळतो. निपाणीच्या बाजारात दुकानदार गिऱ्हाईक बघून मराठीवरून कन्नडवर येतो ना, तसंच काहीसं! शिवाय पीझेडटीची ही सीमा तापमानाने फारशी हलत नाही.

बिनशिशाच्या पदार्थांचे घोडे इथेच अडते. बेरियम टायटनेट पीझेडटीहून जुने, पण सुमारे १२० अंशांवर त्याचा समतोल ठोकळा होतो आणि गुण संपतो. पोटॅशियम-सोडियम नायोबेट ४०० अंशांच्या पुढेही टिकते, मात्र त्याची सोयीची सीमा २०० अंशांच्या आसपास. लिथियम, टँटलम, अँटिमनी मिसळून ती खोलीच्या तापमानाकडे आणता येते. २००४ मध्ये जपानच्या यासुयोशी साइतो आणि सहकाऱ्यांनी अशा सिरॅमिकमधून पीझेडटीच्या तोडीचा प्रतिसाद मिळवला. पण ऊन-थंडी बदलली की ही सीमा सरकते, आणि गुणही बदलतो.

भट्टीचा त्रास वेगळाच. खानापूरच्या कुंभाराला आच सांभाळावी लागते, तशी इथेही लागते. सुमारे ११०० अंशांवर भाजताना पोटॅशियम आणि सोडियम थोडे उडून जातात, प्रमाण बिघडते आणि जमवलेली सीमा हातची जाते. युरोपने २००६ पासून विजेच्या उपकरणांतल्या शिशावर बंधने घातली, तरी या सिरॅमिकला सवलत द्यावी लागली ती याच अडचणींपायी.