लोक द्यायचे पैसे देतात

मोर्णेच्या एका काठाला जुनं शहर, दुसऱ्या काठाला उरलेलं अकोला. मी जुन्या शहरातली. लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानात अकरा वर्षं डीटीपी केलं आणि २०१९ पासून मोबाइलवर एक चित्रमालिका चालवते. चार चौकटी, ओट्यावर बसलेली वऱ्हाडी आजी आणि तिच्या समोरून जाणारं जग. पहिल्याच महिन्यात शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, "काय वं, थे चित्रं तं मोबाइलवर फुकट दिसते, मंग तुले पैसे कोन देते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते सापडायला तीन वर्षं गेली. त्या तीन वर्षांतलं आणि नंतरचं जे गाठीला बांधलं, ते हे.

१. वाचायचे पैसे कुणी देत नाही, आणि त्यात वाचकाचा दोष नाही.

पूर्वी वाचकाच्या वतीने दुसरंच कुणी पैसे मोजायचं. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये आला, तेव्हा वाचकाने चिंटूसाठी वेगळे पैसे काढले नाहीत. त्याने पेपर घेतला. १९५१ मध्ये सुरू झालेला 'आवाज'सारखा दिवाळी अंक खिडकीचित्रांसाठी हातोहात जायचा, पण चित्रकाराचं मानधन संपादकाकडून यायचं. मोबाइलवर हा मधला माणूसच नाही. वाचक आहे, मी आहे, मध्ये काच आहे.

मी काचेवर यूपीआयचा क्यूआर चिकटवला: 'आवडलं तर चहा पाजा.' सहा महिन्यांत सहाशे चाळीस रुपये आले. त्यातले तीनशे मावसभावाचे.

तेव्हा लेखक केव्हिन केली यांचा २००८ मधला प्रसिद्ध हिशेब मी पाठ केला होता: हजार सच्चे चाहते, प्रत्येकाचे वर्षाला शंभर डॉलर, झालं पोट भरून. एका आजीसाठी वर्षाला काही हजार रुपये मोजणारे हजार जण शोधायला निघाले असते, तर अजून मोर्णेवरचा दगडी पूलही ओलांडला नसता.

२. लोक द्यायचे पैसे देतात.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी येतात. रात्रभर अठराएक किलोमीटर चालून पोरं येतात आणि अकोल्याच्या राजराजेश्वराला जल चढवतात. एका वर्षी मी आजीला त्या पहाटे ओट्यावर जागी बसवली. पाण्याच्या शंभर भरण्यांची कावड समोरून जाते आणि ती खांदेकऱ्यांमध्ये आपला नातू शोधते. शेवटच्या चौकटीत कळतं, की नातू यंदा पुण्यात कंपनीत आहे आणि व्हिडिओ कॉलवर तिलाच विचारतोय, "आजी, कावड दिसली का?"

दुसऱ्या दिवशी पुण्याहून निरोप आला: "ताई, याची फ्रेम करून भेटन का? आईले द्याची हाय." आठवड्याभरात तशा एक्केचाळीस ऑर्डरी. मी पत्ते लिहायला बसले आणि चमकले. पैसे पुणे, मुंबई, बंगळूरहून आले होते. पत्ते मात्र इकडच्याच अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर, डाबकी रोडचे. स्वतःसाठी मागवलेली फ्रेम एकही नव्हती.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर त्या पत्त्यांमध्ये होतं. स्वतः पाहण्यासाठी फुकट चालतं. दुसऱ्याच्या हातात ठेवायचं म्हटलं की माणूस खिशात हात घालतो. त्यानंतर मी विकायची प्रत्येक गोष्ट याच कसोटीवर घासते: ही कोण कुणाला देईल? बारशाचं कार्ड, निवृत्तीच्या दिवशी द्यायचं चित्र, रुखवतात मांडायची सहा चौकटींची नवरीची गोष्ट. वऱ्हाड म्हणजे आमचा मुलूखही आणि लग्नाला निघालेली मंडळीही. माझं घर दोन्ही अर्थांनी वऱ्हाडावर चालतं. आज दहा रुपये आले, तर त्यातले चार पत्रिका आणि रुखवताचे, तीन पुस्तक-कॅलेंडरचे, दोन संस्थांच्या माहितीपत्रकांचे असतात. एकच रुपया असा, जो कुणी नुसत्या वाचण्यावर खूश होऊन पाठवतो.

३. तो एक रुपयाही सोपा करून मागा.

मासिक सभासदत्व घेणाऱ्या परदेशी मंचावर मी खातं काढलं होतं. ऑक्टोबर २०२१ पासून खात्यातून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांसाठी रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले आणि इथल्या कार्डांवरून दरमहा पैसे जाणं किचकट झालं. मग मी सरळ सांगितलं: रोजचा एक रुपया, वर्षाचे ३६५, यूपीआयने एकदाच. बदल्यात दिवाळीला माझ्या हातचं पोस्टकार्ड. सभासद तिपटीने वाढले. ते कार्ड फ्रिजवर लागतं आणि घरी येणारा विचारतो, "हे कोणाचं?" जाहिरातीवर मी याहून चांगला खर्च केलेला नाही.

४. घरात बोलता तीच भाषा लिहा. पण आधी फॉन्ट तपासा.

पहिले चार महिने आजी प्रमाण मराठी बोलायची. कुणी हसलं नाही. "तू कशाला आलास?" म्हणणारी आजी कोणत्याही गावची असते, "काऊन आला रे बाप्पा?" म्हणणारी आमच्या गल्लीतलीच. मात्र बोली म्हणजे विनोदाची फोडणी नव्हे. आजीने वऱ्हाडी बोलणं हा विनोद नाही; ती जे बोलते त्यात विनोद हवा. आपल्याच माणसांना हा फरक सगळ्यात आधी कळतो.

आता फॉन्ट. 'वऱ्हाड' या शब्दातच ऱ्ह आहे आणि कित्येक फॉन्ट नेमके तिथेच तुटतात. पाय मोडलेला र आणि बाजूला उभा ह. पहिल्या पोस्टरवर माझ्या मुलखाचं नावच असं लंगडत गेलं. डीटीपीच्या दुकानातले जुने फॉन्ट तर युनिकोडच नसायचे. त्यातला मजकूर कॉपी करून कॅप्शनमध्ये टाकला की नुसती रोमन गिचमिड. मुक्ता, बलू, कलम हे खुल्या परवान्याचे देवनागरी फॉन्ट आहेत, धंद्याच्या कामालाही चालतात. आणि फुग्यातलं वाक्य खाली कॅप्शनमध्येही टाइप करा. चित्रातली अक्षरं शोधून सापडतीलच असं नाही. टाइप केलेली सापडतात. अंध वाचकाचा मोबाइलही तीच वाचून दाखवतो.

५. वार पाळा, त्यासाठी वाळवण घाला.

रँडल मन्रो यांची 'एक्सकेसीडी' ही चित्रमालिका २००५ पासून चालू आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार ठरलेले. माझे सोमवार आणि गुरुवार. सुरुवातीला सुचेल तेव्हा टाकायचे. वाचकही आठवेल तेव्हाच यायचे.

अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. दुपारी लाइट गेली की टॅब्लेट तापतो, घामाने पेन निसटतो. म्हणून पापड-कुरड्या करतात तशा मी फेब्रुवारी-मार्चमध्येच बारा भाग काढून ठेवते. त्यात ताज्या घटनेवरचा एकही नाही: पाव्हणे, मांजर, आंब्याची पेटी. वाळवण टिकाऊ पाहिजे.

कमाईलाही ऋतू आहेत. आषाढी ते कार्तिकी लग्नं नसतात, म्हणजे पत्रिका नाहीत. ते चार महिने कावडीच्या फ्रेमा आणि दिवाळीचं कॅलेंडर यांवर काढायचे. हे कळेपर्यंत मी दर श्रावणात 'आपलं संपलं' म्हणून रडत असे.

६. दुसऱ्याच्या ओट्यावर दुकान मांडलंत, तर गल्ला घरी ठेवा.

एका ॲपवरचं माझं खातं एकदा आठ दिवस बंद पडलं. का, ते कळलं नाही. का उघडलं, तेही नाही. त्या आठ दिवसांत लक्षात आलं, की मला रोज पाहणाऱ्यांपैकी एकाचाही फोन नंबर माझ्याकडे नाही. आता स्वतःची साधी वेबसाइट आहे. ज्याने एकदा काही विकत घेतलं त्याचं नाव, गाव आणि नंबर, त्याला विचारूनच, वहीत असतो. वहीत नऊशे नावं आहेत. फॉलोअर त्याच्या कितीतरी पट, पण घर वहीवर चालतं.

सही चौकटीच्या आत, आजीच्या ओट्याच्या दगडावर करते. कोपऱ्यातली सही लोक पुढे पाठवताना कापतात. ओटा कापता येत नाही.

७. वाचून झालेलं पुस्तकही लोक घेतात, पण हजार प्रती छापू नका.

रिच बर्ल्यू यांची 'ऑर्डर ऑफ द स्टिक' ही चित्रमालिका वेबसाइटवर फुकट होती. २०१२ मध्ये तिची पुस्तकं पुन्हा छापायला त्यांनी वाचकांकडे ५७,७५० डॉलर मागितले. साडेबारा लाखांवर जमले. हे वाचून मी आजीच्या पुस्तकाच्या हजार प्रती छापल्या. सहाशे पलंगाखाली गेल्या आणि दोन पावसाळ्यांत त्यांना कसर लागली. बर्ल्यूंचा आकडा मी वाचला होता. त्यांनी पैसे आधी घेतले आणि छपाई नंतर केली, हे वाचलं नव्हतं.

आता आगाऊ नोंदणी घेते आणि तीनशे छापते. पिन मारायच्या पुस्तकाची पानं चारच्या पटीत बसवते, नाहीतर कोऱ्या पानांचे पैसे जातात. वजन आधी काट्यावर पाहते, कारण डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याची स्वस्त रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झाली. किंमत छपाईच्या निदान तिप्पट ठेवते. दुकानदाराचं कमिशन आणि खराब प्रती जाऊन मग कुठे आजीला चहा मिळतो.

८. 'सर्व हक्क' हे दोन शब्द दिसले की पेन खाली ठेवा.

एका ग्राहकाने माहितीपत्रकासाठी म्हणून आजी घेतली आणि वर्षभराने ती त्यांच्या स्टिकरवर, पिशवीवर, भिंतीवर दिसली. मी सही केलेल्या कागदात ते बसत होतं. कॉपीराइट कायदा १९५७ चा. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी द्यावे लागतात, हे त्याच्या कलम १९ मध्ये आहे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मी आता चार गोष्टी स्वतःच लिहून देते: कशावर वापरणार, किती दिवस, कुठे, किती रुपये. आजीचं काम भाड्याने मिळतं. आजी विकत मिळत नाही.

९. नातेवाइकांनाही बिल द्या.

"तू तं आपलीच हायेस" म्हणून येणारी पत्रिकेची कामं नाकारता येत नाहीत. मी बिल बनवते: काम अमुक, किंमत दोन हजार, सूट दोन हजार, देणे शून्य. पैसे येत नाहीत, पण किंमत घरोघर जाते. पुढच्या वेळी त्यांचे व्याही विचारतात तेव्हा दोन हजारांपासून सुरुवात होते.

१०. नोकरी एकदम सोडू नका.

मालिका सुरू झाल्यावरही मी तीन वर्षं अर्धा दिवस दुकानात डीटीपी केलं. वर्षातल्या सगळ्यात पडत्या महिन्याची कमाई दुकानाच्या पगाराएवढी झाली, तेव्हाच चावी परत दिली. चांगल्या महिन्याकडे पाहून सोडली असती, तर आषाढात परत मागावी लागली असती.

गेल्या श्रावणात शेजारच्या काकू पदराच्या गाठीतून नोट सोडत ओट्याशी आल्या. नात बंगळूरला असते. कावडीची फ्रेम तिला पाठवायची होती. मी नेहमीसारखं शून्य रुपयांचं बिल लिहायला घेतलं. काकूंनी वही मिटवली.

"मी देतो पैसे," त्या म्हणाल्या. "फुकटचं देलं, तं थे देनं कायचं?"