बांधाखालचे पाणी

मुलांनो, उन्हाळ्यात तुम्ही कधी विहिरीत वाकून पाहिले आहे का? दिवाळीत वरपर्यंत दिसणारे पाणी मे महिन्यात तळाला जाते. मग घरातील मोठी माणसे म्हणतात, "आपल्या विहिरीचे पाणी आटले." या वाक्यातील 'आपल्या' या शब्दाकडे जरा लक्ष द्या. विहीर आपली आहे, हे खरे. तिच्या खोदाईचे पैसे आपण दिले. पण तिच्यातले पाणी आपल्या एकट्याचे आहे काय?

आपले कडा गाव आष्टी तालुक्यात आहे. येथे पाऊस कमी पडतो आणि जमिनीखाली काळा कठीण खडक आहे. हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसापासून तयार झाला. त्याच्या पोटात नद्या वाहतात, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. पावसाचे पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत झिरपते व तेथेच साठते. यालाच भूजल म्हणतात. या भेगा एका शेतातून दुसऱ्या शेतात जातात. बांध जमिनीच्या वर असतो, खाली नसतो.

समजा, बांधाच्या अलीकडे तुमच्या चाचांची विहीर आहे आणि पलीकडे शेजारच्या काकांची. काकांनी तीनशे फूट बोअर घेतले. चाचांची विहीर महिनाभर आधीच आटली. चाचांनी कर्ज काढून चारशे फूट बोअर घेतले. मग काका पाचशे फुटांवर गेले. दोघेही कर्जात बुडाले आणि पाणी तेवढेच राहिले, कारण खोल गेल्याने पाऊस वाढत नाही. काही जण तर विहिरीच्या आतून आडवे बोअर घेतात. ते बांधाखालून शेजाऱ्याच्या शेतात शिरते आणि वरून कोणाला दिसतही नाही! याला चोरी म्हणावे काय? १८८२ सालचा इंग्रजांच्या काळातील एक कायदा जमिनीच्या मालकाला त्याच्या जमिनीखालचे पाणी काढण्याचा हक्क देतो. पण त्या काळी मोट होती. बैल थकले की उपसा थांबत असे. मोटर थकत नाही. महाराष्ट्राने २००९ साली भूजलाचा नवा कायदा केला आणि ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा, खोल विहिरींवर निर्बंध आणले. तरीही प्रत्येक बांधाखाली पाहायला सरकारी माणूस कोठून येणार?

हे काम गावालाच करावे लागते. शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात हिवरे बाजार नावाचे गाव आहे. तेथेही पाऊस कमीच. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. गावकऱ्यांनी श्रमदान करून डोंगरावर चर खणले, बंधारे बांधले, झाडे लावली. हे काम इतर गावांनीही केले आहे. हिवरे बाजारचे वेगळेपण पुढेच आहे. त्यांनी शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी केली. पाऊस किती पडला आणि विहिरींत पाणी किती आहे, ते मोजून ग्रामसभेत हिशोब मांडू लागले. आधी माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी, मग उरलेल्या पाण्यात बसेल ते पीक. ज्याच्या विहिरीला भरपूर पाणी आहे, त्यानेही हे मान्य करायचे. चर खणण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे.

गावात ग्रामसभा तरी असते. दोन देशांची ग्रामसभा कोठे भरणार? पंजाबच्या जमिनीखालील पाणी भारत व पाकिस्तान यांच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरले आहे. १९६० च्या सिंधू करारात नद्यांची वाटणी झाली, पण या पाण्याची वाटणी झाली नाही. चाचा आणि काकांसारखाच हा प्रकार!

युरोपात मात्र एक चांगले उदाहरण आहे. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहर आणि शेजारचा फ्रान्स यांच्या खाली भूजलाचा एकच साठा आहे. दोन्हीकडून उपसा वाढला आणि १९६० नंतरच्या वीस वर्षांत पाण्याची पातळी सुमारे सात मीटरने खाली गेली. तेव्हा दोन्ही बाजू एकत्र बसल्या. १९७८ पासून त्यांचा करार लागू झाला. आर्व्ह नदीचे पाणी स्वच्छ करून ते जमिनीत मुरवण्याचे केंद्र १९८० मध्ये सुरू झाले. कोणी किती पाणी काढले, ते मीटरने मोजतात आणि त्या हिशोबाने खर्च वाटून घेतात. पातळी पुन्हा वर आली. २००८ पासून हा करार आणखी ३० वर्षांसाठी लागू झाला.

हिवरे बाजार असो की जिनिव्हा, सुरुवात मोजणीपासून झाली. आपल्या राज्यातील भूजल सर्वेक्षण यंत्रणाही ठरावीक विहिरींचे पाणी वर्षातून चार वेळा मोजते. तुम्हीही मोजा. एका लांब दोरीला दगड बांधा आणि दर हातभर अंतरावर गाठ मारा. घरातील मोठे माणूस बरोबर घ्या. दिवाळीनंतर एकदा आणि मे महिन्यात एकदा, पाण्यापर्यंत किती गाठी लागतात, ते वहीत लिहा. नंतर शेजाऱ्यांची परवानगी घेऊन बांधापलीकडची विहीर मोजा आणि दोन्ही आकडे एकाच पानावर लिहा.