सीआरपी एकदा पाहून भागत नाही

“बाळ दूध ओढत नव्हतं म्हणून काचेत ठेवलंय. रक्त तपासलं, सीआरपी नॉर्मल आला. मग इंजेक्शनं कशाला चालू केली?” नवजात बाळांच्या कक्षाबाहेर बसलेले आजी-आजोबा हा प्रश्न हमखास विचारतात. दुसऱ्या घरची तक्रार नेमकी उलटी असते. बाळ चांगलं दूध पितंय, रडतंय, तरी सीआरपी वाढला म्हणून ठेवून घेतलंय. दोन्ही घरांची काळजी रास्त आहे. त्यांना मी आधी एकच गोष्ट विचारतो: रक्त कधी घेतलं होतं?

जिवाणू रक्तात शिरले की शरीराच्या पेशी आधी धोक्याचा निरोप धाडतात आणि तो मिळाल्यावर यकृत सीआरपी हे प्रथिन बनवू लागतं. ते रक्तात मोजण्याइतकं साठायला साधारण दहा-बारा तास लागतात आणि दीड-दोन दिवसांत ते सर्वांत वर जातं. म्हणजे सकाळी सहाला बाळानं दूध सोडलं आणि सातला रक्त घेतलं, तर आकडा साफ नॉर्मल येऊ शकतो, आणि त्याच वेळी आजार अंगात पसरत असू शकतो. अशा बाळाला आम्ही रिपोर्टवर विसंबून घरी पाठवत नाही. अँटिबायोटिक सुरू करतो आणि चोवीस तासांनी पुन्हा रक्त घेतो.

कोल्हापूरकरांना हे वेगळं समजवायला नको. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी आपण दर काही तासांनी विचारतो. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका हे पाठ असतं, पण पाणी चढतंय की उतरतंय हे कळल्याशिवाय कुणी सामान हलवायचं की नाही ते ठरवत नाही. सीआरपीचंही तसंच आहे. लिटरला 10 मिलिग्रॅम ही बहुतेक ठिकाणी धरली जाणारी रेषा. चोवीस तासांच्या अंतरानं घेतलेले दोन्ही आकडे तिच्या खाली राहिले, कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या चाचणीत, काही वाढलं नाही आणि बाळ सुधारलं, तर जिवाणूंचा आजार असण्याची शक्यता फारच कमी उरते आणि इंजेक्शनं दोन दिवसांत थांबवता येतात. माझ्या मते या चाचणीचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे: औषध कधी बंद करायचं याचा भरवसा ती देते.

आकडा वाढला म्हणजे जंतू झालेच, असंही नाही. कळा फार लांबल्या, बाळाच्या छातीत गर्भजलातली शी गेली, जन्मताना गुदमरलं, एखादी शस्त्रक्रिया झाली, तरी सीआरपी चढतो. आणखी एक. काही लॅब लिटरमागे आकडा देतात, काही डेसिलिटरमागे. एका कागदावरचा 10 आणि दुसऱ्यावरचा 1 एकच असू शकतो. मोबाइलवर फोटो पाठवून दोन बाळांचे आकडे ताडून पाहणाऱ्या नातेवाइकांनी एवढं ध्यानात ठेवावं.

प्रोकॅल्सिटोनिन ही दुसरी चाचणी. ते लवकर वाढू लागतं, तीन-चार तासांतच. पण जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत ते निरोगी बाळातही आपोआप चढतं आणि मग उतरतं, म्हणून बाळ किती तासांचं आहे हे पाहूनच वाचावं लागतं. नेदरलँड्स, स्वित्झर्लंड, कॅनडा आणि चेक प्रजासत्ताक इथल्या रुग्णालयांत 1,710 बाळांवर झालेला एक अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. प्रोकॅल्सिटोनिन वारंवार मोजून निर्णय घेतला तेव्हा अँटिबायोटिकचा काळ सरासरी 65 तासांवरून 55 तासांवर आला. चाचणी चांगली आहे, महागही आहे. ती होत नाही म्हणून बाळाला दुसरीकडे हलवायचा आग्रह धरू नका.

तास वाचवण्याची एवढी धडपड कशासाठी? दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत 2011 ते 2014 दरम्यान नवजात बाळांच्या रक्तातले जंतू तपासले गेले. त्यात सर्वाधिक सापडलेल्या अ‍ॅसिनेटोबॅक्टरपैकी 82 टक्के जंतू अनेक अँटिबायोटिकांना दाद देत नव्हते. गरज नसताना दिलेला प्रत्येक डोस अशा जंतूंना बळ देतो.

जंतूचा खरा पुरावा मात्र कल्चरचाच. पहिलं इंजेक्शन देण्याआधी निदान एक मिली रक्त त्यासाठी घ्यावं लागतं. “एवढ्याशा जिवाचं रक्त किती काढता?” या आजीच्या प्रश्नाचं उत्तर असं: तीन किलोच्या बाळात जवळपास अडीचशे मिली रक्त असतं, त्यातलं एक-दोन मिली जातं. थोडं रक्त घेतलं तर जंतू निसटतो, म्हणून इथे हात आखडू नये. कल्चरमध्ये जंतू सापडला तर सहसा दहा ते चौदा दिवस इंजेक्शनं लागतात, मेंदूज्वर असेल तर तीन आठवडे. पाचव्या दिवशी सीआरपी उतरला म्हणून सही करून बाळाला घरी नेऊ नका.

आता सर्वांत महत्त्वाचं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं प्रयोगशाळेशिवाय, गावातल्या आरोग्यदूत बायकांच्या नजरेवर नवजात बाळांचा हा जंतूंचा आजार ओळखून दाखवला. दूध ओढणं कमी होणं किंवा थांबणं, रडणं क्षीण होणं, हातपाय लुळे पडणं, अंग गार लागणं, छाती आत ओढली जाणं, उलट्या किंवा पोट फुगणं, नाळ पिकणं. यांतली दोन लक्षणं एकत्र दिसली की त्या घरीच उपचार सुरू करत. घरोघरच्या या नवजात सेवेनं तिथले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि पुढे देशभर आशाताईंच्या गृहभेटी सुरू झाल्या. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई येतात. बाळ झोपलंय म्हणून त्यांना दारातूनच परत धाडू नका, बाळ उघडं करून दाखवा.

जंतूंना वाट मिळू नये म्हणून नाळेला राख, हळद, तेल काही लावू नका, कोरडी ठेवा. घुटी सहा महिने नकोच, मध तर वर्षाचं होईपर्यंत नको. बाळाला घेण्याआधी प्रत्येकानं साबणानं हात धुवावेत, पाचवीला आलेल्या पाहुण्यांनीही.

आणि चंदगड, आजरा, शाहूवाडी, गगनबावडा इथल्या आईवडिलांना विशेष विनंती. वर सांगितलेलं एखादं लक्षणही दिसलं, ताप आला, बाळ मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त वेळा श्वास घेऊ लागलं किंवा झटके आले, तर गावातच रक्त तपासून रिपोर्टची वाट पाहू नका. 108 किंवा 102 ला फोन करा, बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या आणि निघा. सरकारी रुग्णालयात नवजात बाळाच्या तपासण्या, औषधं आणि नेणं-आणणं मोफत आहे. बाळानं शेवटचं दूध नीट कधी प्यालं ती वेळ कागदावर लिहून आणा, आम्हाला ती लागते.