तळ्याकाठची बाग आणि दहा वर्षांचा हिशेब



मागच्या महिन्यात एका गावात ग्रामसंघाच्या बैठकीला गेले होते. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तळ्याकाठच्या नियोजित बागेचा रंगीत नकाशा लावला होता. पेव्हर ब्लॉकची पायवाट, बाकडी, झोपाळे, कारंजंसुद्धा. एक आजी बराच वेळ बघत उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "हितं म्हशी कुठनं उतरायच्या?" नकाशात घाटच नव्हता. बायका ज्या दगडांवर धुणं धुतात, तिथं 'सेल्फी पॉइंट' लिहिलं होतं.

बाग नको असं आजींचं म्हणणं नव्हतं, माझंही नाही. संध्याकाळी बाईमाणसानं निवांत बसावं अशी जागा गावात असते कुठं? पण बाग बांधायला एक वर्ष लागतं आणि सांभाळायची असते पुढची दहा-वीस वर्षं. आराखडा त्या वर्षांचा हवा.

कोल्हापूरचा रंकाळा बऱ्याचजणींनी पाहिलाय. काठाला पद्माराजे उद्यान, चौपाटी, भेळेच्या गाड्या. तरीही शहराचं सांडपाणी नाल्यांतून तळ्यात येत राहिलं तेव्हा पाणी हिरवं पडलं, केंदाळ माजलं, वास सुटला. सांडपाणी हे केंदाळाचं खतच. वरून कितीही काढा, नाला वाहता असेल तर ते परत येतं. म्हणून आपल्या नकाशात आधी गावाच्या गटारीचं तोंड कुठं उघडतं ते दाखवायचं. ते वळवायचं काम पहिल्या वर्षाचं, बाकडी नंतर.

आता खरं बोलायचं तर आपल्या धुण्याचा साबणही तळ्यातच जातो. त्यासाठी घाट बंद करायची गरज नाही. धुण्याचा कट्टा पाण्यापासून थोडा मागे घ्यायचा, त्याचं पाणी शोषखड्ड्यात सोडायचं. म्हशींची उतरण वेगळ्या बाजूला ठेवायची.

झाडांचा हिशेब करून बघू. समजा २०० रोपं लावली. उन्हाळ्यात दर चार दिवसांनी एका रोपाला १५ लिटर, म्हणजे एका पाळीला ३,००० लिटर. मार्च ते मे साधारण २३ पाळ्या, म्हणजे ६९,००० लिटर! आणि असं निदान तीन उन्हाळे. कोण घालणार? करंज, जांभूळ, अर्जुन अशी ६० झाडं लावून जगवली तर एका पाळीला ९०० लिटर पुरतात. मला हेच पटतं, उद्घाटनाच्या फोटोत बाग थोडी मोकळी दिसेल तरी चालेल.

पैशाचं मात्र नीट समजून घ्या. वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून बांधकाम होऊ शकतं, पण पगार देता येत नाही. मग राखणदार, झाडलोट, दिव्यांचं बिल हे सगळं ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून. ते कुठून येणार, हे आराखड्यात लिहिलेलं नसेल तर तिसऱ्या वर्षी झोपाळ्याच्या नुसत्या साखळ्या उरतात. चहा-नाश्त्याचा स्टॉल एखाद्या गटाला भाड्यानं द्यावा आणि ते भाडं फक्त बागेवर खर्च व्हावं, अशी मागणी करता येईल. पण भाडं झेपेल का, याचा हिशेब गटानं आधी करावा, उगाच हौसेनं घेऊ नये.

गाळाचं कामही दर काही वर्षांनी येणारच. उन्हाळ्यात तळं आटल्यावर ट्रॅक्टर काठापर्यंत जायला वाट लागते. ती पेव्हर ब्लॉकनं अडवली तर पुढं तोडफोड ठरलेली.

पुढच्या गट बैठकीत एवढं करा. जमिनीवर रांगोळीनं तळं काढा. गटारीचं तोंड, धुण्याचा कट्टा, म्हशींची उतरण, गाळाची वाट आणि अंधार पडल्यावर जिथं जायला भीती वाटते ती जागा, प्रत्येकीनं एकेक खडा ठेवून दाखवा. मग तेच कागदावर उतरवून घ्या. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. तिथं हा कागद ठेवा, ठराव इतिवृत्तात लिहून घ्या आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून पोच घेऊन गटाच्या फाईलला लावा.