नवे सायलेन्सर आणि पेट्रोलचा हिशेब

गुढीपाडव्याच्या सकाळी गिरगावात निघणारी शोभायात्रा तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. नऊवारी नेसलेल्या, फेटे बांधलेल्या स्त्रिया बुलेटवर बसून निघाल्या की त्या इंजिनाचा धीमा, ठोक्याठोक्याचा आवाज आधी ऐकू येतो आणि गाड्या मागून दिसतात. या आवाजाचे वेड अनेकांना असते. तो आणखी मोठा व्हावा म्हणून मूळ सायलेन्सर काढून बाजारातले ‘मोकळे’ सायलेन्सर बसवणारेही पुष्कळ आहेत. पण धुराच्या वाटेत फेरफार केला, तर पेट्रोलच्या वाटेतही फेरफार का करावा लागतो?

लालबागला राहणारा माझा एक जुना विद्यार्थी एकदा हीच तक्रार घेऊन आला. वडिलांची कार्ब्युरेटरवाली ३५० सीसी बुलेट त्याच्याकडे आली होती. त्याने नवे सायलेन्सर लावले आणि त्याच उत्साहात हवेच्या गाळणीची पेटी काढून तिथे उघडी, शंकूसारखी गाळणी बसवली. “सर, आवाज वाढला, पण गाडी ओढत नाही. थ्रॉटल पिळला की अडखळते आणि सोडला की मागे फटाके फुटतात!” मी त्याला स्पार्क प्लग काढून दाखवायला सांगितले. प्लगचे टोक खडूसारखे पांढरे पडले होते.

आता थोडे रसायनशास्त्र. पेट्रोल म्हणजे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण. सोयीसाठी आपण ऑक्टेन घेऊ. ऑक्टेनचे दोन रेणू पूर्ण जळायला ऑक्सिजनचे २५ रेणू लागतात. वजनात सांगायचे तर २२८ ग्रॅम ऑक्टेनला ८०० ग्रॅम ऑक्सिजन. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणजे हवा लागेल सुमारे ३,४५० ग्रॅम. भागाकार करून पाहा : एका ग्रॅमला १५ ग्रॅम हवा. प्रत्यक्ष पेट्रोलसाठी हा आकडा १४.७ च्या आसपास येतो. हवा याहून जास्त झाली तर मिश्रण पातळ, कमी झाली तर दाट. गॅरेजमध्ये यालाच ‘लीन’ आणि ‘रिच’ म्हणतात.

बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. आकारमान ३४६ घनसेंटिमीटर. मिनिटाला ४,००० फेरे होत असतील तर चार धावांच्या इंजिनात हवा आत ओढण्याची धाव २,००० वेळा होते. सिलिंडर दर वेळी ८० टक्के भरतो असे धरले, तर मिनिटाला सुमारे ५५० लिटर हवा लागेल! एवढ्या हवेला पेट्रोल मात्र जेमतेम ६० मिलिलिटर, म्हणजे अर्धा कप. ते मोजून देतो एक पितळी जेट. त्याचे भोक टाचणीच्या जाडीएवढे असते.

कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तेव्हा तिथला दाब कमी होतो. बर्नुलीचे तत्त्व तुम्ही शिकला असालच. खालच्या वाटीतील पेट्रोलवर मात्र बाहेरच्या वातावरणाचा दाब असतो. दाबातील हा फरक पेट्रोलला जेटमधून वर ढकलतो. गाळणीचा अडथळा असेल तर गळ्यातला दाब आणखी थोडा उतरतो. समजा, गळ्यातील वेगामुळे पाण्याच्या ३० सेंटिमीटर स्तंभाइतका फरक पडतो आणि गाळणीमुळे आणखी ५ सेंटिमीटर. पेट्रोलचा प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. गाळणीचा अडथळा काढून टाकला की ३५ चे ३० झाले. वर्गमूळ घेतले तर पेट्रोल सुमारे ७ टक्क्यांनी घटले. हवा मात्र घटली नाही, उलट किंचित वाढली. खरा घोटाळा इथे झाला होता.

मग सायलेन्सरचे काय? चौकस वाचक म्हणेल, “हवा वाढली तर गळ्यातला वेगही वाढेल आणि पेट्रोलही आपोआप वाढेल!” अगदी बरोबर. म्हणूनच नुसत्या सायलेन्सरने पडणारा फरक लहान असतो. जळलेला वायू सिलिंडरमध्ये कमी मागे राहतो, नळीतल्या दाबाच्या लाटा बदलतात. पण प्रदूषण कमी व्हावे म्हणून कारखान्यातून मिश्रण आधीच पातळ ठेवलेले असते, त्यामुळे थोडासा फरकही इंजिनाला जाणवतो. “इंजिनाला मागून थोडा दाब हवाच असतो” असे पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. ते खरे नाही. इंजिनाला तो दाब नको असतो. दाब गेल्यावर मिश्रण बिघडते आणि दोष दाबाच्या नावावर जातो.

पातळ मिश्रणाचा धोका पूर्ण थ्रॉटलला अधिक. तिथे इंजिनाला मुद्दाम १२.५ ते १३ असे दाट मिश्रण देतात. त्यामुळे शक्ती मिळते आणि दट्ट्या व झडप बेताच्या तापमानाला राहतात. ते पातळ झाले की तापमान चढते, स्फोटक ज्वलन सुरू होते आणि दट्ट्याला भोकही पडू शकते.

उपाय तीन ठिकाणी करतात. थ्रॉटल जवळजवळ बंद असताना पायलट जेट आणि त्याचा स्क्रू काम करतो, मधल्या पल्ल्यात निमुळती सुई आणि तीनचतुर्थांशाच्या पुढे मेन जेट. सुईवरची क्लिप एक खाच खाली लावली की सुई वर उचलली जाते व मिश्रण दाट होते. मेन जेट बदलताना उतावळेपणा नको. भोक समजा ०.९० मिलिमीटरवरून ०.९५ केले, तर क्षेत्रफळ ११ टक्क्यांनी वाढते! म्हणून एका वेळी एकच पायरी आणि एकच बदल. पुन्हा प्लग पाहायचा : पांढरा म्हणजे पातळ, फिकट तपकिरी म्हणजे ठीक, काजळीने काळा म्हणजे दाट. २००० सालापासून आपल्याकडे शिसेविरहित पेट्रोल आहे, त्यामुळे हे रंग पूर्वीइतके ठळक दिसत नाहीत.

आमचे हे महाशय मात्र थेट मोठा मेन जेट घेऊन आले. मी विचारले, “दादरहून लालबागला येताना थ्रॉटल किती उघडतोस?” तो हसला. त्या गर्दीत पाव थ्रॉटलच्या पुढे जायला मिळतेच कुठे! त्याचे अडखळणे सुई आणि पायलटच्या पल्ल्यातले होते. परळच्या एका मेकॅनिकने सुई एक खाच वर घेतली, स्क्रू अर्धा फेरा फिरवला आणि गाडी सुधारली. फटाके मात्र थांबेनात. शेवटी सापडले की सिलिंडर आणि धुराची नळी यांच्यातली गॅस्केट नीट बसलेली नव्हती. तिथून आत शिरणारी हवा न जळलेल्या पेट्रोलच्या वाफेला नळीतच पेटवत होती.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या आणि कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच. आता धुराच्या नळीत ऑक्सिजन संवेदक असतो. मिश्रण पातळ असले तर तो सुमारे ०.१ व्होल्ट देतो, दाट असले तर ०.९. त्यावरून गाडीतला संगणक पेट्रोल कमीजास्त करतो. पूर्ण थ्रॉटलला मात्र तो बहुधा साठवलेल्या तक्त्यावर चालतो, तेव्हा तो तक्ता बदलावा लागतो. शिवाय मूळ नळीतला उत्प्रेरक काढला की विषारी कार्बन मोनॉक्साइड मोकळा सुटतो.

हा मुलगा रोज केईएम आणि टाटा रुग्णालयांवरून जातो. रुग्णालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. पोलिसांनी तिथे दोनदा अडवल्यावर त्याने जुने सायलेन्सर आणि गाळणीची पेटी परत बसवली. चार दिवसांनी पुन्हा आला. “सर, आता गाडी काळा धूर टाकते.” सुई तशीच वर राहिली होती.