काजव्यांच्या रात्री आणि यूएसबीचा मीटर

प्रश्न : आमच्या निसर्ग मंडळाकडे आकाशाचा काळोख मोजणारा एसक्यूएम-एलयू हा यूएसबी मीटर आहे. काजव्यांच्या दिवसांत भंडारदरा परिसरात रात्रभर नोंदी घ्यायच्या आहेत. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. प्रोग्रॅम आम्हालाच लिहिता येईल का?
– एक शिक्षक, ता. अकोले, जि. अहिल्यानगर

उत्तर : जरूर येईल, आणि तो मुलांकडूनच लिहून घ्या. या मीटरमध्ये एफटीडीआय कंपनीची चिप असते. लिनक्सच्या कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हर आधीपासूनच आहे, त्यामुळे मीटर जोडताच तो साधा सीरियल पोर्ट म्हणून दिसू लागतो. पायथनमध्ये ‘पायसीरियल’ वापरून १,१५,२०० बॉडच्या वेगाने पोर्ट उघडायचा आणि ‘आर’, ‘एक्स’ ही दोन छोटी इंग्रजी अक्षरे पाठवायची. उत्तरादाखल एक ओळ येते. तिच्यात काळोखाचा आकडा असतो, शिवाय मीटरचे तापमानही. ही ओळ वेळेसकट जशीच्या तशी फाइलमध्ये साठवा. गणिते नंतर हवी तितक्यांदा करता येतात, मूळ नोंद मात्र पुन्हा मिळत नाही.

‘परवानगी नाही’ असा संदेश आला, तर उबुंटू किंवा डेबियनवर आपले खाते ‘डायलआउट’ गटात घाला आणि एकदा बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा. बहुतेक जण इथेच अडतात.

आता आकड्याचा अर्थ. तो जितका मोठा, तितका काळोख दाट. १ ने फरक पडला की उजेडात सुमारे अडीच पटींचा फरक असतो, ५ ने पडला तर १०० पटींचा. मोठ्या शहरात १७-१८ च्या आसपास आकडा दिसतो, अतिशय निर्मळ आकाशाखाली तो २२ जवळ जातो. चांदण्या रात्री तुलनेसाठी धरू नका. ढगांचेही भान ठेवा. शहरावर ढग आले की दिव्यांचा उजेड परतून आकाश उजळते, पण घाटघर-साम्रदसारख्या ठिकाणी ढग उलट चांदण्यांचा प्रकाश अडवून काळोख वाढवतात. मे-जूनमध्ये आभाळ सारखे बदलते, म्हणून आभाळाची स्थिती हाताने लिहून ठेवाच.

पण या मीटरला भिंग आहे आणि त्याची नजर डोक्यावरच्या आकाशाच्या लहानशा भागावरच असते. काजव्यांचे नर-मादी एकमेकांना उजेडाने खुणावतात. त्यात व्यत्यय आणतात ते झाडांवर पडणारे गाड्यांचे दिवे आणि पर्यटकांच्या बॅटऱ्या. हा उजेड मीटरच्या आकड्यात जवळजवळ उमटणारच नाही. काळोख शाबूत आहे असा चुकीचा निष्कर्ष निघेल, याची मला खरी काळजी वाटते. म्हणून बीएच१७५० हा स्वस्त लक्स-सेन्सर आर्डुइनोला जोडून झाडाच्या उंचीवर, रस्त्याकडे तोंड करून बसवा. आर्डुइनोही यूएसबीवर सीरियल पोर्ट म्हणूनच दिसतो, तेव्हा त्याच प्रोग्रॅममध्ये दुसरा पोर्ट उघडला की झाले. दोन्ही नोंदी एकाच घड्याळाच्या वेळेने लिहा, म्हणजे कोणत्या मिनिटाला गाडी आली आणि झाड किती वेळ उजेडात राहिले, हे शेजारी-शेजारी दिसेल.